मुलांसाठी ख्रिस्ती साहसकथा : कोणत्या द्याव्यात, आणि मराठीत का नाहीत?

शब्बाथशाळा_ताई (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबलवर्गात) आठ ते बारा वर्षांची मुलं माझ्या वर्गात असतात. दावीद आणि गल्याथ, दानिएल, योना, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. हीच मुलं घरी फास्टर फेणे आणि हॅरी पॉटर एका बैठकीत संपवतात. म्हणून गेल्या काही वर्षांत मी इंग्रजीतल्या ख्रिस्ती साहसकथा शोधून शोधून वाचल्या. लहान लहान प्रकरणांची, मुलांनी स्वतः वाचायची पुस्तकं. त्यांतली बरीच मी बाजूला ठेवली. त्यांत नऊ प्रकरणं धावपळ असते आणि दहाव्यात कोणीतरी मोठं माणूस बाकावर बसून तात्पर्य सांगतं. मुलांना हे लगेच कळतं, ती ते पान उलटून टाकतात.

मनापासून आवडलेलं एक सांगते. पॅट्रिशिया सेंट जॉन यांचं 'ट्रेझर्स ऑफ द स्नो', १९५० सालचं. गोष्ट स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या खेड्यात घडते. लुसियन नावाचा मुलगा रागाच्या भरात छोट्या डानीचं मांजराचं पिल्लू दरीवर धरतो, पिल्लू हातातून सुटतं, ते वाचवायला गेलेला डानी खाली पडतो आणि पायाने अधू होतो. डानीची बहीण अ‍ॅनेट. आई नाही, भावाला हिनेच वाढवलेलं. ती लुसियनला माफ करायला तयार नाही, आणि लेखिका तिला घाईही करत नाही. लुसियनने स्पर्धेसाठी लाकडातून कोरलेला घोडा अ‍ॅनेट मोडून टाकते. 'चांगली मुलगी' असलेली नायिका इतकं वाईट वागते आणि पुस्तक ते लपवत नाही! पुढे हिमवादळात, रात्री, एकटा लुसियन खिंड ओलांडून डॉक्टरला आणायला जातो. ते प्रकरण मी वर्गात तोंडी मराठीतून सांगितलं, तेव्हा नेहमी दंगा करणारी मुलंसुद्धा गप्प होती.

मला वाटतं, खरी ख्रिस्ती साहसकथा ओळखायची खूण हीच. क्षमा करणं, खरं बोलणं, शत्रूसाठी जीव धोक्यात घालणं हेच त्यात साहस असतं, आणि त्याची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते. खिंड नुसती शोभेला नसते.

तुमच्या माहितीतली अशी पुस्तकं सांगा. मराठीत असं काही आहे का तेही सांगा.

ग्रंथपाल_निवृत्त

ताई, धागा छान. सेंट जॉन यांच्याबद्दल थोडी भर. त्या व्यवसायाने परिचारिका, मोरोक्कोतल्या टॅन्जियर शहरात मिशन रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्या अनुभवातून 'स्टार ऑफ लाइट' हे पुस्तक आलं. हमीद नावाचा मुलगा आपल्या आंधळ्या धाकट्या बहिणीला भिकाऱ्याच्या हाती पडण्यापासून वाचवायला घरातून पळवतो. तुमच्या मुलांना तेही आवडेल. 'ट्रेझर्स'वर जपानमध्ये १९८३ साली अख्खी कार्टून मालिका निघाली होती, हे फार जणांना माहीत नसतं.

आता नार्निया. सी. एस. लुईस यांची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली. हल्लीच्या संचांवर छापलेले क्रमांक बघून मुलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू'पासून सुरुवात करतात. कृपा करून तसं करू नका. ते सहावं प्रकाशित झालं. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी. कपाटातून पलीकडे काय आहे हे वाचकालाही त्यात शिरणाऱ्या छोट्या लूसीइतकंच अज्ञात असलं पाहिजे.

या पहिल्या पुस्तकात एडमंड आपल्या भावंडांना चेटकिणीच्या हाती द्यायला निघतो, तो टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईपायी. आजच्या मुलांना हे फारच क्षुल्लक वाटतं. पण पुस्तक निघालं त्या १९५० साली ब्रिटनमध्ये मिठाईवर रेशन होतं, ते पूर्ण उठलं १९५३मध्ये. तेव्हाच्या मुलाला हा मोह किती खरा वाटला असेल! वर्गात हे आधी सांगितलंत तर एडमंड एकदम समजतो. गोष्टीतलं, लंडनवर बॉम्ब पडतील म्हणून मुलांना खेड्यात पाठवणं हेही कल्पनेतलं नाही. १९३९ साली लुईसच्या ऑक्सफर्डच्या घरी अशी मुलं राहायला आली होती.

माझं सर्वात आवडतं मात्र तिसरं, 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'. हावरट युस्टेस ड्रॅगनच्या खजिन्यावर झोपतो आणि जागा होतो तो स्वतःच ड्रॅगन होऊन. तो आपली कातडी सोलून काढतो, खाली पुन्हा खवल्यांचीच कातडी. पुन्हा सोलतो, पुन्हा तेच. शेवटी अस्लान, नार्नियाचा सिंह, नखांनी ती खोलवर फाडतो तेव्हा कुठे आतला मुलगा बाहेर येतो. तारण म्हणजे काय हे मोठ्यांच्या उपदेशात इतकं स्पष्ट मी कधी ऐकलेलं नाही. दुखतं, आणि आपल्या हाताने होत नाही.

कोकणकन्या_टेक्सास

इथल्या चर्चच्या लायब्ररीत या पुस्तकांचं एक अख्खं कपाट भरलेलं असतं, त्यामुळे माझ्या दोन्ही मुलांनी भरपूर वाचलीत. पटापट सांगते. अगदी सुरुवातीच्या वाचकांसाठी 'इमॅजिनेशन स्टेशन' मालिका. पॅट्रिक आणि बेथ ही चुलत भावंडं एका यंत्रात बसून भूतकाळात जातात, पहिल्याच पुस्तकात व्हायकिंगांच्या ग्रीनलंडला. बारीक पुस्तकं, मोठा टाइप. फार खोल नाहीत, पण वाचायची सवय लागते. फ्रँक पेरेटीची 'कूपर किड्स' आठ पुस्तकं, वडील पुरातत्त्वज्ञ, मुलं त्यांच्याबरोबर गुहांतून आणि भुयारांतून. दहाच्या आतल्या मुलांना रात्री देऊ नका, भीती वाटते. 'शुगर क्रीक गँग' खूप जुनी, ३६ पुस्तकांची. खेड्यातली पोरं, नदी, चोर. माझ्या मुलांना जुनाट वाटली.

पण मला बोलायचंय ते 'विंगफेदर सागा'बद्दल. लेखक अँड्र्यू पीटरसन मूळचा गायक आणि गीतकार. चार पुस्तकं, २००८ ते २०१४. समुद्रकाठच्या गावात तीन भावंडं राहतात. जॅनर मोठा, मग टिंक, मग पायाने अधू असलेली लीली. गावावर फँग नावाच्या सरड्यासारख्या सैनिकांचं राज्य आहे. पुढे कळतं की ही हरवलेल्या राजघराण्याची मुलं आहेत, आणि त्या राज्याची रीत अशी की राजा होतो तो दुसरा मुलगा. पहिला मुलगा त्याचा रक्षक. म्हणजे जॅनरने आयुष्यभर धाकट्याच्या मागे उभं राहायचं, मुकुट त्याचा नाहीच. माझा मोठा मुलगा हे वाचताना दोन दिवस जॅनरच्या बाजूने भांडत होता, 'हे अन्याय्य आहे' म्हणून. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी तो बराच वेळ काही बोलला नाही. मी विचारलंही नाही.

या पुस्तकांत देवाला 'मेकर' म्हणतात, येशूचं नाव कुठेच नाही. तरी सेवक होणाराच मोठा, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन चारही पुस्तकं धरून आहेत. (२०२२पासून यावर ॲनिमेशन मालिका सुरू झाली. आधी पुस्तक द्या, मग ती.)

त्याखालोखाल एस. डी. स्मिथचं 'द ग्रीन एम्बर', २०१४. तलवारी घेतलेले ससे! हेदर आणि पिकेट ही भावंडं. पिकेट मत्सरी आहे, लंगडतो, चिडतो, आणि म्हणूनच मुलांना जवळचा वाटतो.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक. आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात संतचरित्रं भरपूर सांगितली जातात, पण मुलाने एकट्याने बसून वाचावी अशी कादंबरी क्वचितच. त्यामुळे वरची यादी जपून ठेवतोय.

एका मालिकेबद्दल मात्र आधी कौतुक आणि मग तक्रार. 'ट्रेलब्लेझर बुक्स', डेव्ह आणि नेटा जॅक्सन या अमेरिकन दांपत्याची ४० पुस्तकं. प्रत्येकात एक खरी ऐतिहासिक व्यक्ती आणि तिच्या सोबतीला एक मूल, आणि गोष्ट त्या मुलाच्या डोळ्यांनी. विल्यम टिंडलने केलेलं इंग्रजी बायबल चोरून इंग्लंडात नेणं, लंडनच्या गल्ल्यांत सॅल्व्हेशन आर्मीच्या बूथ दांपत्याचं काम, हॅरिएट टबमनबरोबर रात्री गुलामगिरीतून पळणं. पाळकांच्या प्रवचनात ज्यांची नावं नुसती उल्लेखापुरती येतात ती माणसं इथे दार ठोठावतात, पावसात भिजतात. ही युक्ती मला फार आवडते. मुलाला मार्टिन ल्यूथर व्हायला सांगत नाहीत. त्याच्या घोड्याला पाणी देणारा पोरगा व्हायला सांगतात.

तक्रार अशी की मिशनरी दूर देशी जातो तिथे बऱ्याचदा तो देश म्हणजे नुसता अंधार, आणि माणसं म्हणजे धोका किंवा बळी. या मालिकेत एमी कार्मायकलवरचं 'द हिडन ज्युएल' आपल्या तमिळनाडूतलं आहे. एमीचं डोहनावूरचं काम मोठं होतं, मुलींना तिने आसरा दिला, त्याबद्दल आदरच आहे. पण आपल्या मुलाने आपलाच देश परक्या पोराच्या नजरेने बघत मोठं व्हावं का? आमच्या वसईत कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती घरं आहेत. आपल्याकडे श्रद्धा जहाजातून उतरलेल्या पाहुण्यासारखी दाखवली की आमची मुलं स्वतःलाच पाहुणे समजायला लागतात.

शब्बाथशाळा_ताई

वसईकर दादा, तुमची तक्रार अगदी रास्त आहे. फक्त सगळ्या मिशनरी पुस्तकांना ती लावू नका एवढंच म्हणते. याच मालिकेत नेट सेंट या मिशनरी वैमानिकावरचं पुस्तक आहे. १९५६च्या जानेवारीत इक्वेडोरच्या जंगलात तो आणि त्याचे चार सोबती तिथल्या आदिवासी वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मारले गेले. पुढे नेटची बहीण रेचल आणि मारल्या गेलेल्यांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट त्याच लोकांत जाऊन राहिल्या. भाऊ ज्यांनी मारला त्यांच्यातच घर करायचं! मुलांना मी हे सांगते तेव्हा शूर कोण हे सांगावं लागत नाही.

नजरेचा प्रश्न मात्र नार्नियालाही आहे. 'द हॉर्स अँड हिज बॉय' आणि 'द लास्ट बॅटल'मधले कॅलोर्मेन या शत्रुदेशाचे सावळे, फेटेवाले लोक वाचताना मला त्रास होतो. मी ती पुस्तकं लपवत नाही. मोठ्या मुलांबरोबर वाचते आणि विचारते, हे लोक असे का रंगवले असतील? लुईस मोठाच, पण त्याच्या काळातला इंग्रज होता हे मुलांना पेलतं. याच 'हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये अराविस ही कॅलोर्मेनची मुलगी किती धीट आहे, हेही त्यांच्याच लक्षात येतं.

सह्याद्रीवेडा

मी ख्रिस्ती नाही. तरी लिहितो, कारण भा. रा. भागवतांवर वाढलेल्या माणसाला साहसकथेचा धागा दिसला की राहवत नाही. नार्निया मी शाळेत असताना वाचलं, आणि अस्लान म्हणजे येशूचं रूप हे मला कॉलेजात कळलं. कळल्यावर फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही, उलट अस्लान एडमंडसाठी मरतो ते दगडी टेबलाचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. फास्टर फेणेच्या गोष्टींत संकट बाहेरचं असतं, हेर, चोर, शत्रूचे सैनिक. बनेश आतून कधी डळमळत नाही, आणि म्हणूनच तो आपल्याला इतका आवडतो. या पुस्तकांत लुसियन, एडमंड, पिकेट यांचं निम्मं संकट त्यांच्या आत आहे. मराठी बालसाहित्यात हे मला फार कमी भेटलं. धर्म बाजूला ठेवूनही ही पुस्तकं माझ्या मुलीला द्यावीशी वाटतात.

एक प्रामाणिक प्रश्न : तुमच्यापैकी कोणी ही पुस्तकं मराठीत आणली, तर ती फक्त मंडळीच्या मुलांसाठी की सगळ्यांसाठी?

ग्रंथपाल_निवृत्त

उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊ. मराठीत ही वाट नवी नाही. जॉन बन्यन इंग्लंडात बेडफर्डच्या तुरुंगात १२ वर्षं होता, कारण परवाना नसताना उपदेश करायचा. त्याच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग १६७८ साली छापला गेला. पाठीवर ओझं घेतलेला माणूस चिखलातून, राक्षसाच्या किल्ल्यातून, खोट्या बाजारातून वाट काढत जातो. मुलांसाठी लिहिलेलं नाही, पण इंग्रजी मुलांनी ते पिढ्यान्‌पिढ्या साहसकथा म्हणूनच वाचलं. त्याचा मराठी अवतार 'यात्रिक क्रमण' हरी केशवजींनी १८४१ साली केला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', जिला अनेक जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात, ती १८५७ची. म्हणजे मराठीत कादंबरी यायच्या आधी हा साहसप्रवास आला होता! पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक चालवलं, आणि रेव्हरंड टिळक तर फुलांमुलांचे कवीच.

मग पुढे काय झालं? माझं मत सांगतो. मराठी ख्रिस्ती लेखणी कविता, भक्तिगीतं, आत्मचरित्र यांत रमली, आणि तिथे तिने उत्तम काम केलं. मुलांच्या वाट्याला आल्या पत्रिका, रंगवायची चित्रं आणि तात्पर्याच्या गोष्टी. ज्यांच्या घरी इंग्रजी आलं त्यांची मुलं इंग्रजी पुस्तकांकडे गेली. खेड्यातल्या मंडळ्यांतली मुलं मराठीच वाचतात. त्यांच्यासाठी काही उरलं नाही.

नगरची_लेक

वसईकर दादांनी सांगितलेली युक्ती, खरी व्यक्ती आणि शेजारी एक कल्पित मूल, ती इथे लावून बघा ना! पंडिता रमाबाईंचं आयुष्य घ्या. दुष्काळात आई, वडील, बहीण एकामागून एक गेले. उरली ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी देशभर चालले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. जगातल्या कुठल्या साहसकथेत याहून थरारक रात्र आहे? पुढे १८७८मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर याच मुलीच्या संस्कृतवर विद्वान थक्क झाले आणि तिला 'पंडिता' म्हणू लागले. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची.

आणि तेव्हा ती ख्रिस्ती नव्हती. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात. सह्याद्रीदादा, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. झेलमचं प्रकरण सगळ्यांच्या मुलांचं आहे. पुढचं रमाबाई ज्या निष्ठेने जगल्या त्या निष्ठेने सांगायचं, काही न लपवता. वाचणारा आपलं आपण ठरवेल.

मुलांच्या कादंबरीसाठी मी १८९६-९७चा दुष्काळ निवडेन. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी आणि टाकून दिलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. आता कल्पना करा, त्यांतली एक अकरा वर्षांची मुलगी. ती कोणावरही विश्वास ठेवत नाही. रात्री भाकरी उशाखाली लपवते. तिच्या डोळ्यांतून विहीर खणणं, शेत लावणं, पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणं. कारण रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मुक्तीतल्या मुलीबायकांनीच छापलं. तिथे मराठी मुलगी आपल्याच मातीत उभी आहे, पाहुणी कोणी नाही.

वसईचा_वाचक

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या तक्रारीला याहून चांगलं उत्तर मिळालं नसतं.

कायद्याचं_बोला

भाषांतराचा विषय निघाला म्हणून. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. लुईस २२ नोव्हेंबर १९६३ला वारले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेल्या पुस्तकांचा मूळ मजकूर १ जानेवारी २०२४पासून भारतात मुक्त आहे. नार्नियाच्या चित्रकार पॉलिन बेन्स यांची चित्रं मात्र नाहीत, त्या २००८ साली गेल्या. 'नार्निया' हे नाव मुखपृष्ठावर वापरताना ट्रेडमार्कही तपासावा लागेल. आणि ब्रिटनमध्ये हक्क अजून शिल्लक असल्याने ही सूट भारतापुरतीच. पॅट्रिशिया सेंट जॉन १९९३ साली गेल्या, त्यांच्या पुस्तकांसाठी प्रकाशकाची लेखी परवानगी हवीच. वर्गात तोंडी सांगायला हरकत नाही, झेरॉक्स काढून वाटू नका. बन्यन पूर्ण मुक्त. रमाबाईंचं स्वतःचं लिखाणही. छापायच्या आधी वकिलाला प्रत्यक्ष भेटून खात्री करा, असं मी वकील असूनही सांगतो.

कोकणकन्या_टेक्सास

नगरच्या ताई, तुम्ही लिहाच. इथल्या मराठी घरांतून मी वाचक गोळा करते. मुलं मराठी वाचायला अडखळतात, पण आजीने मोठ्याने वाचलं तर ऐकतात. प्रकरणं छोटी ठेवा, एका झोपेच्या वेळेला एक संपेल अशी.

नगरची_लेक

पहिली दोन प्रकरणं कच्ची लिहून आहेत. धीर करून इथेच टाकते पुढच्या आठवड्यात. एकच शंका : भूक आणि मृत्यू किती दाखवू? आठ वर्षांचं मूलही वाचेल.

शब्बाथशाळा_ताई

दाखवा. प्रेतांचं वर्णन नको, पण आई गेली हे एका साध्या वाक्यात स्पष्ट लिहा. 'देवाघरी गेली' म्हणून झाकू नका, नाहीतर पुढची भाकरी लपवणारी मुलगी मुलांना कळणार नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी घरात मृत्यू पाहिलाय. गोष्ट त्याबद्दल खोटं बोलली तर ती मुलं मनातून निघून जातात. आणि रमाबाईंना पहिल्याच प्रकरणात आणू नका. आधी ती मुलगी एकटी चालू दे.

प्रकरणं आली की मी वर्गात वाचून दाखवेन आणि मुलं कुठे कंटाळली, कुठे थांबू नका म्हणाली, ते इथे लिहीन.